पद्मिनीची वही: दसरा ते पाडवा

शनिवार, 12 ऑक्टोबर 2024. दसरा. मीटर 68,412

सकाळी आमची गाडी, जुनी प्रीमियर पद्मिनी, धुतली, झेंडूचा हार घातला, बॉनेटवर हळदीकुंकू वाहून नारळ फोडला. मार्च 2020 मध्ये पडवीत लावली ती तिथेच उभी आहे. जागेवरच्या गाडीची ही पाचवी दसऱ्याची पूजा. हार घालताना तळहात बॉनेटच्या कडेवर टेकला आणि धुळीखालून तोच सायीसारखा रंग वर आला.

दुपारी आरसी बुक काढलं. नोंदणी डिसेंबर 1984 ची. पंधरा वर्षं झाल्यापासून दर पाच वर्षांनी नूतनीकरण करत आलो, आताची मुदत 23 डिसेंबरला संपते. पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, पण आमच्या गाडीला अजून दहा वर्षं आहेत. म्हणजे नेहमीच्या रीतीने तिला साताऱ्याला आरटीओपुढे उभं करायचं, तेही चालवत नेऊन. हाताशी दहा आठवडे.

रात्री ही वही घातली. कुठला नटबोल्ट कुठून काढला ते लिहायला, आणि काम करताना जे जे आठवेल तेही.

1994 साली साताऱ्याच्या एका डॉक्टरांकडून बेचाळीस हजारांना घेतली. पतसंस्थेचं कर्ज काढून. वाईपर्यंत आणली तेव्हा दारात हिने भाकरतुकडा ओवाळून टाकला. मुलगी दोन वर्षांची होती, तिला बॉनेटवर बसवून फोटो काढला. तो फोटो अजून भिंतीवर आहे. त्यानंतर घरात दोन गाड्या आल्या, एसीच्या, पॉवर स्टिअरिंगच्या, कधी त्रास न देणाऱ्या. त्यांच्याविषयी माझी काही तक्रार नाही. पण गाडी चालवायला मिळावी म्हणून लांबचा रस्ता धरला, असं फक्त पद्मिनीच्या बाबतीत झालं.

रविवार, 20 ऑक्टोबर

चारही प्लग काढले. भोकांतून थोडं थोडं इंजिन ऑईल आणि डिझेल सोडलं. इंजिन हातांनी फिरत नाही. जोर करायचा नाही, हे मिस्त्रींनी फोनवर तीनदा बजावलं: "सर, तिला मुरू द्या. लोणच्यासारखं."

टाकीतलं पेट्रोल काढलं. चहाच्या रंगाचं झालंय, वास जुन्या वॉर्निशचा. साडेसहा लिटर निघालं. टाकी उतरवून उन्हात ठेवली.

रविवार, 27 ऑक्टोबर

फिरलं! आठवडाभर रोज संध्याकाळी थोडं ऑईल सोडत होतो. आज पुलीच्या नटावर पाना लावला, हलकेच दाब दिला, आणि आधी केसभर आणि मग एकदम पाव फेरा. आतून ओला, खोल आवाज आला. मी पाना खाली ठेवून पायरीवर बसलो. हिने स्वयंपाकघरातून विचारलं, "काय झालं?" म्हटलं, "फिरलं." ती हात पुसत बाहेर आली. पुढचा पाव फेरा तिने फिरवला.

शुक्रवार, 1 नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. पडवीत गाडीपाशी दोन पणत्या. काम बंद.

बुधवार, 6 नोव्हेंबर

पुण्याला जाऊन आलो, एसटीने. बुधवारच निवडला, कारण जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो.

आधी नाना पेठ. मिळालं ते: हेड गास्केट, कार्ब्युरेटर किट, इंजिनावरच्या पेट्रोल पंपाचा डायफ्राम (रबरी पडदा), पॉइंट, कंडेन्सर, चारही चाकांचे व्हील सिलिंडर किट, मास्टर सिलिंडरची रबरं. गियर लिंकेजचे, म्हणजे गियरच्या दांडीच्या जोडांचे, बुश मिळाले नाहीत. 5.20-14 चे टायर एका दुकानात होते, पण सात वर्षांपूर्वीचे. घेतले नाहीत.

दुकानदार माझ्याच वयाचे. यादी पाहून चष्मा वर केला आणि विचारलं, "गाडी घरचीच का?" मग चहा मागवला. ते म्हणाले ते माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. पद्मिनीचे पार्ट इतकी वर्षं मिळत राहिले ते आपल्यासारख्या हौशी लोकांमुळे नव्हे, मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीमुळे. कुर्ल्याचा कारखाना 2000 च्या सुमाराला बंद झाला तरी हजारो टॅक्सी रोज धावत होत्या, रोज काहीतरी झिजत होतं, म्हणून कोणीतरी ते बनवत होतं. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत ऑक्टोबर 2003 मध्ये नोंदली गेली. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे, त्यामुळे ऑक्टोबर 2023 संपता संपता तीही रस्त्यावरून गेली. "आता फडताळात आहे तेवढंच," असं म्हणून त्यांनी गास्केट आणखी एक दिलं, जास्तीचं असू द्या म्हणून. त्याचे पैसे घेतले नाहीत.

ती बातमी मीही गेल्या वर्षी वाचली होती. तेव्हा मला दादरच्या स्टेशनबाहेरची रांग आठवली होती, पिवळी छपरं उन्हात चमकणारी. फडताळाचा विचार मात्र आला नव्हता. परतीच्या एसटीत पिशवी मांडीवरच ठेवली.

जुन्या बाजारात पुढच्या दाराच्या तिकोनी काचेची खिटी मिळाली, अस्सल, ऐंशी रुपयांना. आमची डावीकडची 2009 पासून तुटलेली. या तिकोनी काचेविषयी लिहायलाच हवं. खिटी फिरवायची आणि काच उलटी करायची, की पळत्या गाडीत वारा थेट तोंडावर येतो. एप्रिलच्या दुपारी लोणंद रस्त्याला ती काच म्हणजे आमचा एसी. ही तिच्यासमोर केस मोकळे सोडून बसायची.

रविवार, 24 नोव्हेंबर

हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, उतरवलं. पद्मिनीच्या 1089 सीसी इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचं. इंजिन तापलं की दोन्ही सारखे फुगत नाहीत, आणि फार तापलं की हेड वाकतं. आमचं वाकलंच होतं. 2018 मध्ये हायवेवरच्या एका गॅरेजात रेडिएटरचा होज बदलून घेतला, त्यांनी क्लिप नीट आवळली नाही, आणि खंबाटकीच्या चढाला सगळं पाणी गेलं. माझ्या लक्षात येईपर्यंत काटा वर जाऊन टेकला होता. तेव्हा नुसतं गास्केट बदलून भागवलं, पण नंतरची दोन वर्षं ती थोडं थोडं पाणी प्यायची.

हेड उलटं करून त्यावर स्टीलची पट्टी उभी ठेवली आणि खालून फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्या, सरकवून पाहिला. कडेला घट्ट. मधल्या दोन सिलिंडरांमध्ये 0.15 मिलिमीटरची पाती आरामात आत गेली. पट्टीमागे टॉर्च धरला तर तिथे उजेडाची बारीक रेघ दिसली. सहा वर्षं त्रास देणारी गोष्ट ती एवढीशी रेघ. मिस्त्रींनी वाकून पाहिली आणि म्हणाले, "हीच चोरवाट."

हेड साताऱ्याला लेथवाल्याकडे फेसिंगला, म्हणजे सपाट करायला, दिलं. व्हॉल्व्ह ग्राइंडिंग घरीच. काडीच्या टोकाला रबरी कप, पेस्ट लावायची आणि तळहातांत रवी घुसळल्यासारखी फिरवायची. आठ व्हॉल्व्ह, दोन संध्याकाळी. सीटवर राखाडी रंगाचं अखंड कडं उमटलं की झालं.

रविवार, 1 डिसेंबर

हेड बसलं. बोल्ट मधून बाहेरच्या बाजूला, तीन टप्प्यांत आवळले.

आता पेट्रोल पंप. इंजिनाच्या कुशीत बसणारी ही मुठीएवढी वस्तू, आणि माझ्या निम्म्या आठवणी तिच्यापाशीच. कॅमशाफ्टवरचा उंचवटा पंपाची दांडी ढकलतो, दांडी डायफ्राम ओढते, आणि टाकीतलं पेट्रोल मागून पुढे येतं. थंडीत हे बिनबोभाट चालतं. उन्हाळ्यात दुसऱ्या गियरवर लांब घाट लागला की इंजिनाच्या आचेने पंपातच पेट्रोलची वाफ होते. पंप वाफ नुसती दाबत राहतो, पुढे काही जात नाही. गाडी दोन आचके देते आणि उभी. त्यावर इलाज एकच, ओलं फडकं. पंपावर गुंडाळायचं, वरून पाणी सोडायचं, दहा मिनिटं थांबायचं. फडक्यातलं पाणी उडताना उष्णता घेऊन जातं आणि वाफेचं पुन्हा पेट्रोल होतं.

1997 च्या मे महिन्यात गणपतीपुळ्याला निघालो. कुंभार्ली घाट उतरताना काही नाही, परत चढताना मात्र तीनदा. मुलगी पाच वर्षांची. पहिल्यांदा तिने नुसतं पाहिलं. दुसऱ्यांदा पाण्याची बाटली तिने धरली. तिसऱ्यांदा मी बॉनेट उघडेपर्यंत ती फडकं ओलं करून रस्त्याच्या कडेला तयार उभी होती. तिथून फडकं तिच्याकडे गेलं ते बारावीपर्यंत. आईची जुनी सुती साडी फाडून केलेली फडकी, चॉकलेटी काठाची, ती दप्तराच्या जुन्या पिशवीत ठेवायची. प्रवासाला निघताना पिशवी घेतली का, हे तीच आम्हाला विचारायची.

मिस्त्रींचा मुलगा म्हणतो, इलेक्ट्रिक पंप मागे टाकीपाशी बसवा, वाफेचा प्रश्न मिटेल. त्याचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. मी मूळचाच पंप ठेवतोय.

एक बदल मात्र करावाच लागला. पेट्रोल भरायला जातो त्या पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि 1984 च्या रबराला ते मानवत नाही. जुना डायफ्राम फुगून पापडासारखा झाला होता, रबरी पाइपला आतून चिरा. सगळे पाइप इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे नवे टाकले. किटमधल्या डायफ्रामवर भरवसा किती ठेवायचा ते चालवूनच कळेल. मार्चमध्ये उघडून बघायचा, तशी खूण कॅलेंडरवर केली.

रविवार, 8 डिसेंबर

सकाळी 10.20. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, 1-3-4-2 पुन्हा तपासली. बाटलीतलं पेट्रोल, चोक पूर्ण ओढलेला. चार सेल्फ गेले. पाचव्याला एक सिलिंडर बोलला, मग दुसरा, आणि सायलेन्सरमधून निळा ढग सोडून इंजिन चालू झालं.

मी चोक हळूहळू आत ढकलला. आवाज जुळत आला, त्या इंजिनाची शिवणाच्या मशीनसारखी एकसुरी टिकटिक, वर टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह हलवणाऱ्या तुकड्यांची, किंचित किणकिण. शेजारचे तात्या भिंतीवरून डोकावून म्हणाले, "आली का आवाजात?" त्यांनी तो आवाज पंचवीस वर्षं ऐकलाय. बंगळूरला मुलीला फोन लावून फोन बॉनेटपाशी धरला. ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "बाबा, टॅपेट वाजतायत."

वाजत होतेच. दुपारी गॅप पुन्हा लावला.

शनिवार, 14 डिसेंबर

ब्रेक. चारही ड्रम काढून साफ, व्हील सिलिंडर नव्या रबरांचे, हवा काढायला हिला पेडलवर बसवलं. "दाब… धर… सोड," असं पाऊण तास. डावं मागचं चाक त्रास देत होतं, शेवटी सुटलं.

विमा झाला. बोळापासून ढोल्या गणपतीपर्यंत आणि परत, पहिली फेरी. दोन शाळकरी पोरं सायकलवरून मागे आली. पीयूसीही काढली.

मंगळवार, 17 डिसेंबर. मीटर 68,419

सातारा, आरटीओ. पहाटे साडेसहाला निघालो, मिस्त्री शेजारी, मागे पाना-पेटी आणि पाच लिटर पाणी. पस्तीस किलोमीटर. पाचवडपर्यंत दोघेही गप्प, कान इंजिनाकडे. हायवेला साठ धरला आणि मग मिस्त्री म्हणाले, "आता बोला सर, काय हवं ते."

तपासणी झाली: दिवे, हॉर्न, ब्रेक, चासी नंबर. नंबर खरवडून वाचावा लागला. तपासणी करणारे तरुण होते. त्यांनी विचारलं, गियर कुठंय? स्टिअरिंगला लागून असलेली दांडी दाखवली. त्यांनी बसून एकदा फिरवून पाहिली आणि हसले. नूतनीकरणाची फी 5,000, पर्यावरण कर वेगळा. डिसेंबर 2029 पर्यंत मुदत.

परतताना मिस्त्रींना चालवायला दिली. हे इंजिन त्यांनी 1996, 2004 आणि आता, असं तीनदा उघडलंय. हायवेला मात्र कधी चालवलं नव्हतं.

मंगळवार, 14 जानेवारी 2025. संक्रांत

गाडीत तिळगूळ सांडला. पाहुणे आणायला गेलो होतो, सहा माणसं. पुढचं सीट सलग बाकासारखं, मध्ये गियरचा दांडा नाही, त्यामुळे पुढे तिघं बसतात. पूर्वी मधली जागा मुलीची, आज माझ्या आईची. आई पंच्याऐंशीची आहे. डॅशबोर्डवर हात ठेवून बसली, 1994 मध्ये बसली होती तशीच.

शनिवार, 8 फेब्रुवारी

गियर लिंकेज. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना दांडी मध्येच हरवते. बुश मिळत नाहीत म्हणून लेथवाल्याला जुना झिजलेला दाखवून नायलॉनचे करून घेतले, सहा नग. चार बसवले, दोन डब्यात.

बसवून झाल्यावर नुसतीच बसून दांडी फिरवत राहिलो. यात पहिल्या गियरला सिंक्रो, म्हणजे दातांचा वेग आपोआप जुळवणारी सोय, नाही. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकला तर दात ओरडतात. चढावर चालत्या गाडीत पहिला हवाच असेल तर क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा, अ‍ॅक्सिलरेटरला एक ठोसा द्या, पुन्हा क्लच, आणि दांडी लोण्यात सुरी जावी तशी आत. हे साधायला मला दोन वर्षं लागली. पसरणी घाटात एका संध्याकाळी, 1996 च्या पावसाळ्यात, पुढे दगडांची ट्रॉली अडली होती, मागे एसटी, आणि माझ्याकडून ते पहिल्यांदा बिनआवाज जमलं. शेजारी कोणी नव्हतं. घरी येऊन हिला सांगितलं, तिने जेवायला वाढता वाढता सगळं ऐकून घेतलं. त्या दिवसाचा आनंद मला अजून हाताच्या मनगटात जाणवतो. त्यानंतर मी ज्या गाड्या चालवल्या त्यांत हे करावंच लागलं नाही.

बुधवार, 26 फेब्रुवारी. महाशिवरात्र

मेणवलीला जाऊन आलो. स्प्रिंगचे पाटे करकरतात. ग्रीस.

रविवार, 16 मार्च

पंप उघडला. डायफ्राम ठीक, फुगलेला नाही. गास्केटपाशी पाण्याचा मागमूस नाही, रेडिएटरची पातळी डिसेंबरपासून बोटभरही उतरलेली नाही. चोरवाट बंद झाली.

मुलगी पाडव्याला येते आहे.

रविवार, 30 मार्च. गुढीपाडवा. मीटर 68,951

गुढी उभारून, कडुलिंबाचं पान खाऊन अकराला निघालो. मुद्दामच अकराला. सकाळी सातला गेलो असतो तर गार हवेत सहज चढली असती. वाई ते पाचगणी बारा-तेरा किलोमीटर आणि साधारण सहाशे मीटर चढ, भर उन्हात, चौघं गाडीत.

चालवायला मुलगी. तिने ही गाडी पूर्वी फक्त मैदानावर चालवलेली. बुवासाहेबांच्या मंदिराच्या अलीकडच्या वळणावर पुढे टेम्पो रांगत होता, दुसऱ्यावर इंजिन गुदमरायला लागलं. मी काही बोललो नाही. तिने क्लच दाबला, न्यूट्रल, क्लच सोडला, ठोसा, क्लच. दात जरासे ओरडले. पण गेला. ती पुढच्या दोन वळणांपर्यंत रस्त्याकडेच बघत होती, कान लाल झाले होते.

शेवटच्या चढाला दोन आचके आले. तिने गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि मी दार उघडेपर्यंत मागच्या सीटखालून पिशवी काढली. चॉकलेटी काठाचं फडकं, हिने रात्री धुऊन ठेवलं होतं. पंपावर गुंडाळलं, वरून बाटलीतलं पाणी बारीक धारेने सोडलं, छोटासा फुत्कार होऊन वाफ निघाली. खाली धोम धरणाचं पाणी चमकत होतं. आम्ही कठड्यावर बसून दहा मिनिटं कलिंगड खाल्लं. दोन गाड्या थांबून विचारून गेल्या, काही मदत हवी का. आईने गाडीतूनच त्यांना कलिंगडाची फोड पुढे केली.

दुसऱ्या सेल्फला चालू.

पाचगणीत पोचल्यावर पेट्रोल, 9 लिटर. ऑईल पातळी बरोबर. डावा इंडिकेटर वळणानंतर परत जागेवर येत नाही, हाताने आणावा लागतो. लिंकेजचा एक बुश किंचित सैल वाटतो, डब्यातले दोन आहेत. मुलगी गुरुवारपर्यंत आहे, बुधवारी दोघं मिळून बसवू.